चारचा तास

निवृत्त बाईला कुणी शिकवायला बोलावलं, की तिनं आधी "आता कुठं माझ्याच्यानं होतंय" असं म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. फोन आला तेव्हा मी लातुरात मुलाच्या घरी मेथी निवडत बसले होते आणि मेथीपासून सुटका करणारं काहीही मला चाललं असतं.

फोन चाकूरच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांचा होता. हे गृहस्थ नांदेडला माझ्याच वर्गात शिकलेले. पहिल्या वर्षाला लेखनाचा पेपर आलाय, शिकवायला माणूस नाही, आठवड्यातून दोन दिवस याल का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे इतक्या सरळ नाही विचारलं. आधी माझ्या ज्ञानाचा वटवृक्ष झाला, मग त्याच्या सावलीत त्यांची पिढी घडली, मग कृतज्ञता झाली आणि मेथीची अर्धी जुडी संपल्यावर मुद्दा आला. मी हो म्हटलं. अट एकच घातली, की सकाळी येणार नाही. सगळी नोकरी सकाळच्या पहिल्या तासाला उभं राहून काढली होती. आता सकाळ माझी. दोनदा चहा, पेपर, पेपरातलं शब्दकोडं, देव, जेवण आणि जेवणानंतर जरा डोळा लावायचा. मग दुपारची एसटी धरून येईन.

"मॅडम, आपण म्हणाल तो तास," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी मला चारचा तास दिला.

कॉलेज दोनला सुटायचं. म्हणजे माझी झोप व्हावी म्हणून पोरं दोन तास लिंबाच्या झाडाखाली बसून राहणार होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसानं वेळ सांगितली की ती वेळ ठरली. चार माणसं मागं काहीही बोलोत, तोंडावर कुणी बोलत नाही. या पद्धतीचा फायदा घ्यायचं वय आपलं झालंय, याचा मला आनंदच होता.

आता प्राचार्यांना असं फुलवून बोलायला कुणी शिकवलं, हे सांगितलं पाहिजे. मीच.

नांदेडला नोकरीला लागले तेव्हा मी कडक स्टार्चची साडी नेसून आणि बिननंबरचा चष्मा लावून वर्गात जात असे. घरी "मंग काय करलालीस" असं बोलणारी मी, फळ्यापुढं उभी राहिले की थेट पुण्यात जन्मलेली व्हायची. पहिल्याच दिवशी "सन्माननीय विद्यार्थी मित्रहो" अशी सुरुवात करून मी स्वागतपर भाषण ठोकलं. पाठीमागचा एक जण टाळ्या वाजवून बसला, तेव्हा मला धन्य वाटलं. मग वर्षानुवर्षं मी लेखन शिकवलं, म्हणजे निबंध सांगितले आणि मुलांनी ते उतरवून घेतले. नदीचं आत्मवृत्त सांगताना मी एका ठिकाणी आवाज कातर करत असे, तिथं नदीच्या डोळ्यांत पाणी यायचं. परीक्षेचे पेपर आले तेव्हा नदी सगळ्यांच्या पेपरात नेमकी त्याच ओळीवर रडलेली. मला वाटलं, वा, काय तयारी करून घेतली आपण. खिडकीबाहेर थोड्याच अंतरावर खरी गोदावरी वाहत होती. तिच्याकडं आमच्यापैकी एकानंही मान वळवून बघितलं नव्हतं.

नोकरीच्या शेवटी शेवटी मी थोडी शहाणी झाले. निवृत्तीनंतर आणखी झाले, कारण आता कुणाचा अभ्यासक्रम संपवायचा नव्हता. चाकूरला जाताना ठरवलं की सांगायचं काहीच नाही. तासाच्या पहिल्या अर्ध्यात बोलायचं, दुसऱ्या अर्ध्यात वर्गातच लिहायचं आणि लिहिलेलं शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. लाल पेन मी घरीच ठेवलं. शेजाऱ्यानं चूक काढायची नाही, एकच प्रश्न विचारायचा, जो त्याला वाचताना खरोखर पडला तो.

पहिल्या दिवशी आपल्या घरामागं काय आहे ते लिहा म्हटलं. एवढं साधं. वर्गात एक मुलगा होता, सगळ्या तालुक्याच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करणारा. लग्न, वाढदिवस, दहावा, काहीही असो, माईक त्याच्याच हातात. त्यानं लिहिलं, "सन्माननीय व्यासपीठ आणि व्यासपीठावर विराजमान मान्यवर, आज मी आपणासमोर घरामागील परिसर या विषयावर दोन शब्द मांडणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्याल ही नम्र विनंती." शेवटी आभार आणि जय महाराष्ट्र. मधे कुठंतरी एक गोठा होता. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. मला माझ्या वाणाची नातवंडं पुढ्यात बसल्यासारखं वाटलं.

मग मी त्यांना कागद दुमडायला लावला. वरून वाचत यायचं आणि जिथं पहिल्यांदा काहीतरी दिसतं, ऐकू येतं किंवा घडतं, तिथपर्यंतचा कागद मागं दुमडून टाकायचा. कागद नुसता दुमडायचा असल्यानं कुणाच्या जिवाला लागत नाही, कारण आतलं सगळं शाबूत असतं. सूत्रसंचालकाचा कागद दुमडत दुमडत बसच्या तिकिटाएवढा झाला. त्यावर उरलं होतं, "म्हैस माझ्याशिवाय कुणाला दूध काढू देत नाही." वर्ग हसला. तोही हसला, पण जरा उशिरा.

शेजाऱ्याला प्रश्न विचार म्हटलं. शेजारी म्हणाला, "मंग तू बारशाला, लग्नाला गावोगाव फिरतोस तवा काढतंय कोन?"

यावर तो माईकशिवाय पहिल्यांदाच बोलला आणि बराच वेळ बोलला. मी म्हटलं, आता हे लिही.

या सगळ्या गडबडीत एक मुलगी साडेचारच्या आत उठून निघून गेली. पुढच्या तासालाही गेली, त्याच्या पुढच्याही. खिडकीजवळ बसायची, पहिल्या अर्ध्यात माझं बोलणं नीट ऐकायची आणि बाकीचे पेन उघडत तोवर दप्तर खांद्याला लावून दाराशी. म्हातारपणी माणूस फार हळवं होतं, स्वतःच्या बाबतीत. मला वाटलं, कंटाळते माझ्या तासाला. एकदा मी तिला दारातच गाठलं आणि विचारलं, काय गं, चुलीवर दूध ठेवून येतेस का.

"बस हाय मॅडम," ती म्हणाली. "साडेचारची. ती चुकली तर मंग रातचीच." आणि पळाली.

तिची हकीकत मला पुढच्या खेपेला झाडाखाली कळली. मी मुद्दाम लवकर गेले होते. तिचं गाव आडरस्त्यावर. घरी मोठे चुलते सांगतील तसं चालायचं. शेती त्यांच्या हातात, तसं घरही. माणूस वाईट नाही, पण तिच्या दोन बहिणी बारावीला घसरून घरी बसल्या होत्या, त्यामुळं कॉलेजवरचा त्यांचा विश्वास उडालेला. तिला धाडताना त्यांनी एकच सांगितलं होतं, की अंधाराच्या आत घरी आणि एकही विषय मागं राहता कामा नये. राहिला तर पुढच्या वर्षी कॉलेज बंद. बाकीचे विषय पाठ करून ती काढणार होती. हा एक पेपर पाठ करता येत नव्हता, तो तिथल्या तिथं लिहायचा होता आणि लिहिण्याच्या वेळेला ती दर खेपेला बसमध्ये असायची.

मी म्हटलं, हजेरी मी लावते तुझी.

"हजेरी लागंल वो. पेपरात काय लिव्हू?"

मग मी तासाची उलटापालट केली. लिहिणं आधी घेतलं. तर तिचं वाचून दाखवणं चुकायला लागलं, आणि खरं शिकणं तर तिथंच होतं. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुठं अडतं ते लगेच कळतं. घरी लिहून आण म्हटलं, तर म्हणाली, वाचणार कोण? आई शाळेत गेली न्हाई, चुलत्यापुढं कागद धरायची टाप न्हाई.

प्राचार्यांकडं गेले. त्यांनी खुर्चीतून उठून माझं ऐकलं, खेद व्यक्त केला आणि एसटीच्या डेपोला अर्ज द्यावा, बस अर्धा तास पुढं ढकलावी, असा तोडगा काढला. मला तो फारच आवडला. लिहायला खरं काम मिळालं, खरा वाचणारा मिळाला. लेखनाच्या मास्तरणीला याहून काय पाहिजे. मी भराभरा झाडाखाली आले आणि चारची वाट न बघता पोरांना म्हटलं, आज निबंध नाही, अर्ज.

अर्ज अर्थातच सूत्रसंचालकानं लिहिला. बाकीच्यांनी त्याला शब्द पुरवले. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. चारला वर्गात आल्यावर मी म्हटलं, आता मी डेपोची साहेब. मी टेबलामागं बसले, चष्मा नाकावर ओढला (आता त्याला नंबर आहे) आणि अर्ज हातात घेतला. मास्तरणीचं डोकं बाजूला ठेवायचं आणि साहेबासारखं वाचायचं, म्हणजे कागदावर जे सांगितलंय तेवढंच करायचं. मनानं भर घालायची नाही.

अर्जात मी दूरदृष्टीची होते. ग्रामीण भागाच्या रक्तवाहिन्या माझ्या हातात होत्या. लेकीबाळींचा मी आधारवड होते. सगळं वाचून मी मान वर केली आणि विचारलं, "बरं. मग सत्कार किती वाजता ठेवलाय?"

वर्ग गोंधळला. मी म्हटलं, एवढं कौतुक केलंय म्हणजे शाल-श्रीफळ असणारच. मी येईन. पण बाकी काही काम दिसत नाही माझ्याकडं.

"काम लिव्हलंय की शेवटाला," सूत्रसंचालक म्हणाला. शेवटाला लिहिलं होतं, की बसच्या वेळेबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. मी म्हटलं, केला विचार. सहानुभूतीपूर्वक केला. कोणती बस?

कोणती बस ते अर्जात कुठंच नव्हतं.

तेव्हा मी खिडकीजवळच्या मुलीला पुढं बोलावलं. घड्याळात बघितलं, थोडा वेळ होता. तिनं नुसतं सांगायचं आणि सूत्रसंचालकानं शब्द न बदलता उतरवून घ्यायचं, ही आमची दुसरी रीत. बोलताना पोरं कशी नेमकी बोलतात. हातात पेन आलं की त्यांना पाहुण्यांपुढं बसल्यासारखं अवघडायला होतं. म्हणून बोलायचं एकानं आणि लिहायचं दुसऱ्यानं.

ती सांगायला लागली. साडेचारला निघती. फाट्यापर्यंत डांबरी, मंग खडी. पुढच्या गावात हायस्कूल सुटलेलं असतंय, तिथली लेकरं चढतात. बारकी बारकी पोरं, दप्तरासकट. दोन वस्त्यावर उतरतात, तिथून शेतातनं पायी जातात. दिवाळी झाल्यावर तर ती उतरस्तोवर उजेड जाऊन राहिलेला असतो, कंडक्टर दारात उभं राहून बघतो, सगळी बांधाला लागली का...

इथं ती थांबली. सूत्रसंचालकाचं पेनही थांबलं.

मी म्हटलं, सांग की पुढं.

"बस उशिरा नको मॅडम."

"मग?"

"अर्ध्या तासानं ती लेकरं अंधारात उतरतील."

मला मनातून फार बरं वाटलं. लिहिताना आपल्याला काय पाहिजे हेच बदलतं कधी कधी. पुस्तकात हे सांगून कुणाला पटत नाही आणि इथं ते समोर घडलं होतं. मी त्या आनंदात, हात मागं बांधून, येरझाऱ्या घालत पोरांना माझा आवडता प्रश्न टाकला. अर्ज चांगला असून भागत नाही, योग्य हातात पडावा लागतो. डेपोनं होणार नसेल तर हे काम कुणाच्या हातात आहे, विचार करा.

सूत्रसंचालक फळ्याकडं बघत होता. मागच्या बाकावरचे दोघं एकमेकांना कोपरानं ढोसत होते. एकानं "कलेक्टर" म्हटलं आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. मी म्हटलं, अरे असं काय, कुणाचं तरी नाव सुचत असेल. सगळे माना खाली घालून बसले. मला वाटलं, विचार करतायत. ती मुलगी मात्र खिडकीजवळ जाऊन काहीतरी लिहीत होती. बसची वेळ झाली तशी उठली, एक कागद टेबलावर माझ्या पर्सखाली सरकवला आणि माझ्याकडं न बघता गेली.

मी कागद सूत्रसंचालकाकडं दिला आणि मोठ्यानं वाच म्हटलं. त्यानं सवयीनं छाती भरून घेतली. पण त्या कागदात आवाज चढवायला जागाच नव्हती. पहिल्या ओळीनंतर तो साध्या आवाजात वाचायला लागला.

"मॅडम, बस बदलता येत नाही, कारण तिच्यात पुढच्या गावची लहान पोरं असतात. तुमचा तास चार वाजता आहे. दोन ते चार ही खोली शाळेच्या वर्गांना दिलेली असते. अकरा वाजता आमचा तास नसतो आणि ही खोली रिकामी असते, मी बघितली आहे. लातूरहून सकाळी साडेनऊला निघणारी बस अकराच्या आत चाकूरला येते. तुम्ही त्या बसनं आलात, तर मला पूर्ण तास बसता येईल. नाहीतर माझा हा विषय राहील आणि पुढच्या वर्षी मी कॉलेजला नसेन."

खाली सही. आभार नाहीत.

मी कागद मागितला. सवयीनं दुमडायला कुठं जागा आहे का बघितलं. नव्हती. मग सूत्रसंचालकालाच विचारलं, काय रे, तुम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं?

"हाव," तो म्हणाला. "पन तुमाला कसं सांगावं मॅडम."

म्हणजे बघा. तालुकाभरातली एसटी हलवायला ही पोरं तयार होती. डेपोच्या साहेबाला आधारवड म्हणायला तयार होती. पण एका म्हातारीला दुपारची झोप सोड म्हणायला त्यातलं एकही तयार नव्हतं. प्राचार्यांनाही खोली रिकामी असते हे ठाऊक होतं, ते मी जाऊन विचारून आले. "आपली गैरसोय नको म्हणून," ते म्हणाले. आणि मी, सगळ्या जगाला वाचणारा कोण ते ओळखा म्हणून शिकवणारी, त्याच वर्गात हात मागं बांधून वाचणाऱ्याला शोधत फिरत होते.

एवढं सरळ लिहिलेलं माझ्या हातात कधी पडलं नव्हतं. त्यावर मी काय प्रश्न विचारणार?

घरी येऊन सांगितलं, की मंगळवारपासून मला सकाळी लवकर डबा लागेल. सून स्वैपाकघरातून बाहेर आली आणि तब्येत बरी आहे ना म्हणाली. नातीनं विचारलं, आजी, तुझं शब्दकोडं कोण सोडवणार. मी म्हटलं, बसमध्ये सोडवीन. ते खोटं होतं. त्या रस्त्यावर बसमध्ये चौकोनात अक्षर बसत नाही.

पहिल्या दिवशी मी अकराच्या तासाला पोचले ती अर्धी झोपेत आणि पूर्ण रागात. पहिल्याच चहावर घराबाहेर पडण्याची सवय सुटली होती. वर्ग मात्र गच्च भरलेला. दुपारी न येणारीही चार तोंडं दिसली. खिडकीजवळच्या मुलीनं दप्तर बाकाखाली ठेवलं होतं, खांद्याला नाही. लिहा म्हटलं. तिनं आईबद्दल लिहिलं, की ती दुकानातून आलेली पुड्याची कागदं न वाचता सरळ करून ठेवते. शेजारणीनं ते वाचून दाखवलं आणि प्रश्न विचारला, की ठेवून काय करती. तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या तासाला ती आईला विचारून आली आणि पुढचं लिहिलं. ते काय होतं ते मी इथं सांगत नाही, तिचं आहे.

असं वर्षभर चाललं. कधी तिचं लिहिणं चांगलं झालं, कधी अगदी लाकडासारखं. एकदा तिनं सूत्रसंचालकाच्या नादाला लागून "विराजमान" लिहिलं, तेव्हा सगळ्या वर्गानं तिला कागद दुमडायला लावला.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मी अकराला हजर होते. या वर्षीही लेखनाचा पेपर माझ्याकडंच होता, आता दुसऱ्या वर्षाचा. ती आली, जागेवर बसली. निकाल मी आधीच बघितला होता. सगळे विषय सुटले होते, लेखनात मार्क बेतास बात. मी विचारलं, चुलते काय म्हणाले.

तिनं सांगितलं, की चुलत्यांनी गुणपत्रिका दोनदा वाचली. लेखन म्हणजे काय शिकवतात, ते विचारलं. तिनं सांगितलं. ते जेवले, हात धुतले. शेतातला डीपी जळून बरेच दिवस झाले होते, वीज नव्हती. मग त्यांनी तिला हाक मारून समोर बसवलं आणि वीज मंडळाला अर्ज लिहायला सांगितला.

"लिहिलास?"

"हाव. त्यांनी वाचला. म्हनले, यात नमस्कार न्हाई." ती पेनाचं टोपण उघडत होती. "मंग म्हनले, ऱ्हाऊ दे, आनि सही केली."